न दिसणारें दुखणें

अंगांत ताप भरला कीं घरांतलें कोणीहि जाणतें माणूस तापमापकाची नळी आजाऱ्याच्या काखेंत ठेवतें, आंकडा पाहतें, आणि मग ताप आहे कीं नाहीं ह्याबद्दल वाद उरत नाहीं. रक्तदाब मोजण्याचें यंत्र आहे. रक्तांतली साखर थेंबभर रक्तावरून सांगतां येते. हाड मोडलें तर क्ष-किरणांनीं घेतलेल्या चित्रांत ती भेग डोळ्यांना दिसते. वेदनेला मात्र असें एकहि मापयंत्र नाहीं. शरीरशास्त्राची एवढी प्रगति झाली, तरी एखाद्याला किती दुखतें हें दुसऱ्याला कळण्याचा खात्रीचा मार्ग अजून एकच आहे. तो म्हणजे त्याला विचारणें व तो काय सांगतो तें नीट ऐकून घेणें. दुखणाऱ्याचा शब्द हाच येथें पुरावा. आणि ज्या खटल्यांत फिर्यादीचा शब्द हाच एकमेव पुरावा असतो, तो चालविणें किती अवघड असतें हें कोर्टाची पायरी चढलेल्यांना सांगावयास नको.

आज मी ज्या दुखण्याविषयीं बोलणार आहें तें बोट कापल्याचें किंवा दाढ किडल्याचें नव्हे. जखम भरून यावयाचा काळ उलटून गेला, तीन महिने झाले, सहा झाले, वर्ष लोटलें, तरी जी वेदना पाठ सोडीत नाहीं, तिला वैद्यक जुनाट वेदना म्हणतें. कोणाची कंबर, कोणाची मान, कोणाचे गुडघे, कोणाची अर्धशिशी, तर कोणाची नागीण होऊन गेल्यानंतर मागें राहिलेली आग. असा माणूस हिंडतो-फिरतो, जेवतो, चार माणसांत बसून हंसतोहि. त्यामुळें “तुमच्याकडे पाहून तर कांहीं वाटत नाहीं” हें वाक्य त्याला वारंवार ऐकावें लागतें. घरांत पहिला महिना सहानुभूति मिळते, दुसरा महिना सल्ले मिळतात, आणि त्यानंतर कोणी विचारीत नाहीं. डॉक्टरांकडे जावें तर सर्व तपासण्यांचे कागद निर्मळ येतात, आणि तो निर्मळपणाच त्याच्यावर उलटतो.

वेदना ही मुळांत आपली शत्रु नव्हे. तव्याला बोट लागतांच हात मागें येतो, मुरगळलेला पाय आपण जपून टाकतों, ही तिचीच कृपा. ती नसेल तर काय होतें, हें आपल्या देशांतील कुष्ठरोग्यांच्या हातापायांवरून जगाला कळलें. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजांत १९४६ पासून पुढें अनेक वर्षें काम केलेले शल्यवैद्य डॉ. पॉल ब्रँड यांनीं असें दाखवून दिलें कीं, ह्या रोग्यांचीं बोटें रोगानें आपोआप गळून पडत नाहींत. रोगामुळें मज्जातंतु बधिर होतात, मग चटका बसलेला कळत नाहीं, चपलेंतून वर आलेला खिळा जाणवत नाहीं, आणि ज्या जखमांकडे लक्षच गेलें नाहीं अशा जखमांनीं बोटें झिजत जातात.

परंतु आग विझली तरी देवडीवरची घंटा वाजतच राहावी, तसा प्रकार जुनाट वेदनेंत होतो. पूर्वीं अशी समजूत होती कीं, मज्जातंतु म्हणजे तारायंत्राची तार; इकडे ठोका पडला कीं तिकडे मेंदूंत तितकाच ठोका उमटतो. ह्या समजुतीला मोठा धक्का १९६५ सालीं बसला. रोनाल्ड मेल्झॅक व पॅट्रिक वॉल ह्या दोन शास्त्रज्ञांनीं असें प्रतिपादन केलें कीं, मज्जारज्जूंत एक प्रकारचें दार आहे. खालून येणारे वेदनेचे संदेश ह्या दारांतून वर जातात; पण तें दार किती उघडावें हें स्पर्शाचे इतर संदेश आणि वरून मेंदूकडून येणाऱ्या आज्ञा मिळून ठरवितात. मूल पडलें कीं आई त्याचा गुडघा चोळते व त्यावर फुंकर घालते, आणि तें रडावयाचें थांबतें, तें केवळ लाडानें नव्हे. चोळण्याचा स्पर्श त्या दारावर खरोखरीच कांहीं काम करतो. त्या सिद्धांताच्या तपशिलांत पुढें पुष्कळ फेरफार झाले, पण वेदनेचा संदेश वाटेंतच कमीजास्त होतो हा त्याचा गाभा टिकून राहिला आहे.

ह्याचें सर्वांत विलक्षण उदाहरण दुसऱ्या महायुद्धांत घडलें. हेन्री बीचर नांवाचे अमेरिकन भूलतज्ज्ञ इटलींतील आघाडीवर जखमी सैनिकांची शुश्रूषा करीत होते. त्यांनीं २१५ गंभीर जखमी सैनिकांना विचारून केलेली पाहणी १९४६ सालीं प्रसिद्ध झाली. त्यांपैकीं सुमारें तीन चतुर्थांश सैनिकांनीं वेदनाशामक नको असें सांगितलें होतें. शुद्ध हरपली होती म्हणावें तर तसेंहि नाहीं. कारण शिरेंत सुई नीट टोंचली नाहीं तर हेच सैनिक इतरांसारखेच ओरडत. त्या माणसांच्या दृष्टीनें जखम म्हणजे रणांगणांतून जिवंत सुटका होती. तीच जखम कारखान्यांतल्या कामगाराला झाली असती तर तिचा अर्थ उपासमार असा झाला असता, आणि दुखणें निराळें झालें असतें.

येथें एक धोका आहे, व तो मला स्पष्ट सांगितला पाहिजे. मेंदूचा वेदनेंत हात आहे असें म्हटलें कीं, “म्हणजे हें सारें मनाचेंच” असा निष्कर्ष काढावयास लोक, आणि खेदाची गोष्ट म्हणजे कांहीं डॉक्टरहि, टपलेले असतात. तो निष्कर्ष चुकीचा आहे. वारंवार वेदनेचे संदेश वाहून मज्जारज्जु आणि मेंदु ह्यांच्यांत जे बदल होतात ते शारीरिकच असतात. त्यांमुळें साधा स्पर्शहि दुखूं लागतो, आणि थोडेंसें दुखणें फार होतें. वेदनेच्या अभ्यासाला वाहिलेल्या आंतरराष्ट्रीय संघटनेनें १९७९ सालीं वेदनेची व्याख्या केली व २०२० सालीं ती सुधारली. त्या सुधारलेल्या व्याख्येला जोडलेल्या टीपेंत, कोणी आपल्याला वेदना होतात असें सांगितलें तर त्या सांगण्याचा मान राखला पाहिजे, असें स्पष्ट म्हटलें आहे. जागतिक आरोग्य संघटनेची रोगांची जी नवी वर्गवारी १ जानेवारी २०२२ पासून अमलांत आली, तींत जुनाट वेदनेला स्वतःचें असें स्थान मिळालें आहे. दुसऱ्या रोगाचें लक्षण म्हणून तर ती मोजली जातेच. पण कित्येकदां तीच स्वतः रोग असते, हें आतां मान्य झालें आहे.

मग एम.आर.आय.सारखीं महागडीं चित्रें काय सांगतात? पुष्कळ सांगतात, पण आपण समजतों तें सर्व नाहीं. १९९४ सालीं अमेरिकेंत ज्यांना कंबरदुखी मुळींच नाहीं अशा ९८ लोकांच्या पाठीचीं चित्रें घेण्यांत आलीं. मणक्यांमधील सर्व चकत्या निर्दोष आहेत असे लोक त्यांत निघाले अवघे ३६ टक्के. निम्म्याहून थोड्या अधिक लोकांची कोठली ना कोठली चकती फुगलेली होती. डोक्यावरचे केंस पांढरे व्हावे तशा ह्या गोष्टी वयाबरोबर होतात. म्हणजे चित्रांत दोष दिसला म्हणून दुखणें त्याचेंच असें ठरत नाहीं, आणि दोष दिसला नाहीं म्हणून दुखणें खोटें असेंहि ठरत नाहीं. चित्राचा कागद घेऊन जो तो मणक्याच्या शस्त्रक्रियेची चौकशी करीत सुटतो, त्यानें एवढें ध्यानांत ठेवावें.

तेव्हां फिरून आपण शब्दाशीं येतों. ज्या मेल्झॅकनें दाराचा सिद्धांत मांडला, त्यानेंच पुढें रोग्यांच्या तोंडचे वेदनेचे शब्द गोळा केले, त्यांतले ७८ निवडून त्यांचे २० गट पाडले, आणि १९७५ सालीं त्यांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. ती आजहि अनेक देशांत वापरली जाते. दुखणें किती हें जितकें महत्त्वाचें, तितकेंच तें कसें हेंहि महत्त्वाचें, असें त्याचें म्हणणें होतें.

आपल्या मराठींत हें भांडार केवढें आहे, ह्याचा विचार फारसा कोणी करीत नाहीं. दाढेचा ठणका निराळा आणि पिकलेल्या गळवाची ठसठस निराळी. पोटांत कळ येते, म्हणजे ती लाटेसारखी चढते, शिगेला पोंचते आणि ओसरते. मूतखड्याची व बाळंतपणाची वेदना ह्या जातीची. पाठींत उसण भरते किंवा चमक येते, ती स्नायूंची. डोक्यांतून किंवा पायांतून सणक जाते, ती विजेसारखी क्षणांत येऊन जाते. हात फार वेळ वर धरला कीं त्याला रग लागते; तापापूर्वीं अंग कसकसतें; पोटरींत गोळा येतो; खरचटलेलें चुरचुरतें; मधुमेह्याच्या तळपायांची रात्रीं आग होते, भगभग होते, मुंग्या येतात. आमच्या आजीबाईंना ह्यांतला एक शब्द दुसऱ्याच्या जागीं वापरलेला खपत नसे, आणि त्यांचें बरोबर होतें.

कारण ह्या शब्दांवरून रोगाची दिशा कळते. आग, मुंग्या, बधिरपणा, सणक हे शब्द एकत्र आले कीं चांगला डॉक्टर सांध्यांकडे पाहावयाचें सोडून मज्जातंतूंकडे पाहूं लागतो. कमरेंतून निघालेली सणक मांडीच्या मागच्या बाजूनें पोटरीखालीं उतरत असेल, तर तिला आपले वैद्य गृध्रसी म्हणत आले आहेत, आणि त्यांत बहुधा मणक्यापासून निघणारी एखादी नस दबलेली असते. सकाळीं उठल्यावर बोटांचे सांधे तासभर आंखडलेले राहतात, गरम पाण्यांत हात बुडविल्याशिवाय मूठ वळत नाहीं, असें कोणी सांगितलें तर तो दाहक संधिवात असण्याचा संभव मोठा. आणि त्याला लवकर योग्य औषध मिळालें तर सांधे वांकडे होण्याचें टळतें. उलट दिवसभर राबल्यावर संध्याकाळीं गुडघा दुखतो आणि बसलें कीं थांबतो, हें झिजेचें लक्षण. चालूं लागलें कीं पोटरी दुखते व उभें राहिलें कीं दोन मिनिटांत थांबते, असें तंबाखू ओढणारा गृहस्थ म्हणूं लागला, तर त्याच्या पायाच्या रक्तवाहिन्या तपासाव्या. ह्या सर्वांना आपण “पाय दुखतात” एवढेंच म्हणून मोकळे झालों, तर डॉक्टरानें ओळखावें कशावरून?

नागिणीचें उदाहरण घेण्यासारखें आहे. लहानपणीं येऊन गेलेल्या कांजिण्यांचे विषाणु मज्जातंतूंच्या मुळाशीं दडून बसतात आणि उतारवयांत अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखे फोड घेऊन उठतात. नागिणीचीं दोन्ही तोंडें मिळालीं कीं माणूस दगावतो, ही आपल्याकडची समजूत निराधार आहे. पण त्या भीतीपोटीं लोक गेरू, लेप आणि मंत्र ह्यांत जे पहिले तीन दिवस घालवितात, ते मात्र फार मोलाचे असतात. फोड उठल्यापासून ७२ तासांच्या आंत विषाणूंवरील गोळ्या सुरू झाल्या तर त्यांचा उपयोग सर्वांत अधिक. फोड सुकतात, खपल्या पडतात, कातडी नितळ दिसूं लागते, आणि तरीहि कांहीं वृद्धांच्या बरगडीवर सदऱ्याचा स्पर्शहि निखाऱ्यासारखा लागतो. हें महिनेच्या महिने चालतें. ह्या माणसाला “आतां काय दुखतें, सगळें तर बरें झालें” असें म्हणणें म्हणजे ज्या नसेला इजा झाली तिच्याकडे न पाहतां कातडीकडे पाहून निकाल देणें आहे. पन्नाशीपुढील लोकांसाठीं नागिणीवर आतां लसहि निघाली आहे. ती महाग आहे, पण निदान तिची चौकशी करावी.

चेहऱ्याच्या नसेचेंहि असेंच. दांत घांसतांना, घांस चावतांना, गार वारा लागतांना गालांत विजेचा झटका बसावा अशी वेदना येते. रोग्याला वाटतें दाढ दुखते, तो दंतवैद्याकडे जातो, आणि चांगले दांत एकामागून एक काढून घेतल्यावरहि वेदना आपल्या जागीं असते. ह्या विकारावर कार्बामाझेपीन नांवाचें अपस्मारावरील औषध उपयोगी पडतें, हें १९६२ पासून माहीत आहे. नेहमींच्या वेदनाशामक गोळ्या मात्र येथें जवळजवळ निकामी ठरतात.

ह्यावरून एक महत्त्वाची गोष्ट सांगतां येते. नसेच्या वेदनेला डॉक्टर जीं औषधें देतात, त्यांतलीं कांहीं मूळचीं फेफऱ्याचीं आणि कांहीं उदासीनतेचीं असतात. रोगी किंवा त्याचा शिकलेला मुलगा औषधाची माहिती काढतो, त्यांत “मानसिक उदासीनता” हे शब्द दिसतात, आणि डॉक्टरानें आपल्याला वेड्यांत काढलें अशा रागानें गोळ्या कचऱ्यांत जातात. वस्तुतः अमिट्रिप्टिलीन हें औषध वेदनेसाठीं देतात तें उदासीनतेला लागणाऱ्या मात्रेहून पुष्कळ कमी मात्रेंत. मज्जारज्जूंतील ज्या आज्ञा ते दार लोटून घेतात, त्यांना तें बळ देतें. त्याचा गुण एका रात्रींत येत नाहीं, कांहीं आठवडे लागतात, आणि तोंड कोरडें पडणें व झोंप येणें हे त्रास मात्र पहिल्याच दिवशीं होतात. हें सर्व पहिल्याच भेटींत दोन वाक्यांत सांगणें हें डॉक्टरांचें काम आहे. तें ते करीत नाहींत, म्हणून औषध वांयां जातें; आणि ह्याबाबतींत दोष मी रोग्याकडे देणार नाहीं.

दुसऱ्या बाजूला, ज्या गोळ्यांवर लोकांचा अढळ विश्वास असतो त्या वेदनाशामक गोळ्या दुकानांतून मागून घेऊन वर्षानुवर्षें खाल्ल्या जातात. डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या थोडे दिवस, डॉक्टरांच्या नजरेखालीं, चांगलें काम करतात. पण सतत घेतल्यास जठराला व्रण पडतात आणि मूत्रपिंडें बिघडूं शकतात. आपल्या आकाशांतून गिधाडें नाहींशीं कां झालीं ह्याचा शोध २००४ च्या सुमारास लागला, तेव्हां तें कारण हेंच औषध निघालें. तें दिलेलें जनावर मेल्यावर त्याचें मांस गिधाडांनीं खाल्लें, आणि त्यांचीं मूत्रपिंडें निकामी झालीं. २००६ सालीं सरकारनें जनावरांसाठीं त्या औषधावर बंदी घातली. माणसाचें मूत्रपिंड गिधाडाइतकें नाजूक नाहीं हें खरें; पण मधुमेह, रक्तदाब आणि उतारवय ह्यांच्या जोडीला रोजच्या दोन गोळ्या असल्या म्हणजे तें फारसें कणखरहि राहत नाहीं. बाजारांत विनानांवाच्या पुड्या व काळ्या गोळ्या “सांधेदुखीवर रामबाण” म्हणून मिळतात, त्यांत कित्येकदां स्टेरॉइड मिसळलेलें असतें. पहिल्या दिवशींच जादूसारखा गुण आला, हीच अशा गोळीविषयीं शंका घेण्याची जागा.

आतां डॉक्टरांच्या भेटीविषयीं. सरकारी इस्पितळाच्या बाह्यरुग्ण विभागांत एका रोग्याच्या वांट्याला फार थोडीं मिनिटें येतात, आणि खासगी दवाखान्यांतहि वेळ मोजकाच असतो. तेवढ्यांत आपलें म्हणणें मांडावयाचें तर तयारी करून गेलें पाहिजे. “फार त्रास होतो हो, डॉक्टर” ह्या वाक्यांतून त्यांच्या हातीं कांहीं लागत नाहीं. “पूर्वीं दहा भाकऱ्या एका बैठकींत करीत होतें, आतां तिसरी थापतां थापतां उठावें लागतें” ह्या वाक्यांतून सर्व कांहीं लागतें. दुखण्यामुळें कोणतें काम थांबलें, झोंप किती वेळां मोडते, एस.टी.च्या प्रवासांत किती वेळ बसवतें, हें सांगावें. शून्यापासून दहापर्यंत आंकडा विचारला तर प्रत्येक वेळीं दहा म्हणूं नये. आज सात, गेल्या महिन्यांत पांच, असें सांगणाऱ्याचा आंकडा कामाला येतो. आणि आमच्या वडीलधाऱ्यांची एक मोठी खोड आहे: रात्रभर कण्हत काढलेली असते, पण डॉक्टरांनीं “कसें काय?” म्हटलें कीं संवयीनें “बरें आहे” असें उत्तर देऊन मोकळे होतात. तें उत्तर शेजाऱ्यासाठीं ठीक आहे.

आठवडाभर एका कागदावर दुखणें केव्हां वाढलें, कशानें थांबलें, कोणती गोळी घेतली व तिचा काय परिणाम झाला, ह्याची नोंद ठेवली तर तो कागद दहा तपासण्यांच्या तोडीचा होतो. आधीं घेतलेल्या सर्व औषधांचीं नांवें, काढा-पुडीसुद्धां, लपवूं नयेत. दर महिन्याला डॉक्टर बदलून आधींचे कागद घरीं ठेवून जाणें म्हणजे दर वेळीं पहिल्यापासून सुरुवात करणें होय. मात्र सहा महिने तीच गोळी, तेंच इंजेक्शन आणि तोच “होईल बरें” एवढेंच चाललें असेल, तर वेदनाचिकित्सा विभागाकडे चिठ्ठी द्या असें विनयानें पण ठामपणें म्हणावें. अशा विभागाची कल्पना रूढ केली ती जॉन बोनिका यांनीं. हे इटालियन वंशाचे अमेरिकन भूलतज्ज्ञ तरुणपणीं धंदेवाईक मल्ल होते, आणि कुस्तींतल्या दुखापतींची वेदना त्यांना जन्मभर पुरली. एकट्या डॉक्टराच्यानें ही वेदना हटत नाहीं, भूलतज्ज्ञ, मज्जाविकारतज्ज्ञ, व्यायामोपचार करणारे आणि मानसतज्ज्ञ एकत्र बसले पाहिजेत, हें त्यांनीं ओळखलें व १९५३ सालीं वेदनोपचारावर मोठा ग्रंथ लिहिला. आपल्याकडेहि मोठ्या शहरांतील अनेक रुग्णालयांत असे विभाग आहेत, आणि ते बहुधा भूलतज्ज्ञ चालवितात. ऑपरेशनच्या दिवशीं भूल देणारा एवढीच त्यांची ओळख असल्यामुळें लोकांना तेथें जाण्याचें सुचत नाहीं.

कांहीं लक्षणें मात्र अशीं आहेत कीं तीं दिसल्यास वाट पाहूं नये. कंबरदुखीबरोबर लघवी-शौचावरचा ताबा जाणें, पायांतली शक्ति झपाट्यानें कमी होणें, ताप व वजन घटणें, किंवा पूर्वीं कर्करोग होऊन गेलेला असणें. अशा वेळीं त्याच दिवशीं डॉक्टर गांठावा.

बाकीच्यांसाठीं विश्रांति हें औषध नव्हे, हें ऐकावयास विचित्र वाटतें. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२३ सालीं जुनाट कंबरदुखीविषयीं जीं मार्गदर्शक सूत्रें काढलीं, त्यांत व्यायाम व रोग्याला दुखण्याचें नीट ज्ञान देणें ह्यांची शिफारस आहे. कमरेचा पट्टा आणि वजन लावून ओढणें हीं मात्र नेहमीं वापरूं नयेत असें सांगितलें आहे. आमच्याकडे तर पट्टा हा कंबरदुखीचा जणूं गणवेश होऊन बसला आहे. व्यायाम म्हणजे आखाडा नव्हे. रोज दहा मिनिटें चालणें, आठवड्यानें बारा, पुढच्या आठवड्यांत पंधरा, असा तो वाढवीत न्यावा. अडचण येते ती निराळ्याच ठिकाणीं. एखादे दिवशीं जरा बरें वाटतें, कीं साठलेलीं सर्व कामें त्याच दिवशीं उरकण्याची घाई होते. मग दोन दिवस अंथरूण. मग आणखी भीति. बरें वाटलेल्या दिवशीं हात आंखडता घेणें आणि वाईट दिवशींहि थोडें चालणें, ही शिस्त औषधाच्या चिठ्ठीवर कोणी लिहून देत नाहीं. अशा रोग्याची वेदना शून्यावर येईल असें वचन प्रामाणिक डॉक्टर देत नाहीं. पण सातावरून चारावर आली तर माणूस पुन्हां कामावर जातो, नातवाला उचलून घेतो, आणि रात्रीं झोंपतो. एवढ्यासाठीं झगडणें पुष्कळ आहे.

कर्करोगाच्या वेदनेची गोष्ट वेगळी, आणि तिच्याबाबत आपल्या देशांत मोठा अन्याय झाला आहे. अफूपासून काढलेलें मॉर्फीन हें त्या वेदनेवरील खात्रीचें व स्वस्त औषध. लंडनमध्यें १९६७ सालीं सेंट ख्रिस्टोफर्स हें शुश्रूषागृह उघडणाऱ्या सिसिली साँडर्स यांनीं, वेदना उसळण्याची वाट न पाहतां घड्याळाच्या कांट्यावर हें औषध द्यावें, असा परिपाठ घालून दिला. आपल्या देशांत सरकारी परवान्यानें अफू पिकते. पण १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्याच्या कडक अटींमुळें रुग्णालयांनीं मॉर्फीन ठेवणेंच सोडलें, आणि त्याचा औषधी वापर झपाट्यानें घटला. कोझिकोड येथें १९९३ सालीं डॉ. एम. आर. राजगोपाल व त्यांचे सहकारी यांनीं वेदनाशमनाची संस्था काढली. मुंबईंत वांद्र्याला शांति आवेदना हें आसन्नमरण रोग्यांसाठीं असलेलें गृह १९८६ पासून आहे. पुष्कळ वर्षांच्या खटपटीनंतर २०१४ सालीं तो कायदा दुरुस्त झाला, आणि आवश्यक औषधांपुरता एकच सरळ परवाना देण्याची तरतूद झाली. तरी गांवोगांवीं तें औषध अजून पोंचलेलें नाहीं. कायद्याइतकीच आडवी येते ती घरच्या मंडळींची भीति: मॉर्फीन म्हणजे शेवट, मॉर्फीन म्हणजे व्यसन. कर्करोगाच्या वेदनेसाठीं बेताबेतानें, तज्ज्ञांच्या देखरेखीखालीं दिलेल्या औषधानें असें क्वचितच घडतें. त्यानें हमखास होतो तो मलावरोध, आणि त्यासाठीं सारक औषध पहिल्या दिवसापासूनच मागून घ्यावें. साध्या कंबरदुखी-गुडघेदुखीला मात्र अफूचीं औषधें महिनोन्महिने देणें हितकर नाहीं. अमेरिकेंत १९९६ नंतर तसें सढळ हातानें दिलें गेलें आणि लक्षावधि घरें उद्ध्वस्त झालीं.

शेवटीं स्त्रियांविषयीं बोलणें अवश्य आहे. फिलाडेल्फिया शहरांतील एका तातडीच्या विभागाची पाहणी २००८ सालीं प्रसिद्ध झाली. पोटांत तीव्र वेदना घेऊन आलेल्या पुरुषांना वेदनाशामक मिळावयास सरासरी ४९ मिनिटें लागलीं, तर स्त्रियांना ६५. आपल्याकडे तर स्त्रीची वेदना डॉक्टरांपर्यंत पोंचण्यापूर्वींच घरांत अडते. महिन्याच्या पाळींत जी मुलगी दर वेळीं दोन दिवस उठूं शकत नाहीं, तिला “सगळ्यांनाच होतें” असें आईच सांगते. वस्तुतः गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर इतरत्र वाढण्याचा एंडोमेट्रिओसिस नांवाचा विकार जननक्षम वयाच्या सुमारें दहा टक्के स्त्रियांना असतो, आणि त्याचें निदान व्हावयास कित्येकींना अनेक वर्षें लागतात. पुढें ती सून होते, डॉक्टरांकडे जातांना बरोबर नवरा किंवा सासूबाई असतात, आणि प्रश्न तिला विचारला तरी उत्तर बरोबरचें माणूस देतें: “तिला जरा कामाचा कंटाळा आहे, डॉक्टर.” त्या खोलींत ज्यानें वेदना भोगलेली नाहीं त्याची साक्ष आधीं नोंदली जाते. डॉक्टरांनीं अशा वेळीं बरोबरच्यांना थोडा वेळ बाहेर बसावयास सांगण्यांत कांहीं गैर नाहीं. आणि घरच्यांनीं आपण होऊन पहिलीं पांच मिनिटें तिला बोलूं द्यावें. जुने कागद, तारखा आणि गोळ्यांचीं नांवें सांगण्याचें काम बरोबर आलेल्यानें त्यानंतर करावें.